बंद काचेवर टाकलेला रुमाल

मंडळी, आज आमच्या शहापूर-मुरबाड मार्गावर नवीकोरी एसी बस आली. कित्येक वर्षं मागत होतो, ती आली आणि आमची पार शोभा झाली.

गाडी स्टँडात शिरताच मी सवयीने सोबत धावलो आणि जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकला. तो काचेवर आपटून खाली पडला. या गाडीच्या खिडक्या उघडतच नाहीत! माझ्यासारखेच बरेच जण पिशव्या, टोप्या घेऊन काचा बडवत होते. दारात मात्र कोणीच नाही.

तेवढ्यात किन्हवलीच्या एका मावशींनी खाली वाकून काहीतरी उचललं आणि टोपली सांभाळत आरामात दारातून चढल्या.

आम्ही भानावर आलो, दाराकडे पळालो. मी आत पोचेपर्यंत एकच सीट उरली होती, मावशींच्या शेजारची. तिच्यावर माझा रुमाल!

"माजी जाऊ येतेय. रुमाल टाकलाय, दिसत नाय?"

"मावशी, अहो तो रुमाल माझा आहे!"

"आसंल. पन सीटवर टाकला कोनी?"

मुरबाडपर्यंत उभ्याने आलो. गाडी झकास आहे, तक्रार नाही. फक्त उद्या सकाळच्या आत कोणीतरी सांगा: जागा ज्याचा रुमाल त्याची, की जो टाकेल त्याची?