मनगटाला ऐकू येणारं रीळ

गिअरचा आवाज बंद करणं हा माझा धंदा. नागोयात गाडीचा गिअरबॉक्स किंचित जरी कुरकुरला, तरी तो माझ्या टेबलावर येतो आणि गप्प होऊन परत जातो. यात मी कुणाला हार जात नाही. त्यामुळे आमचे बुचो, म्हणजे खात्याचे प्रमुख, मार्चअखेरी निवृत्त व्हायचे होते आणि ऑफिसने त्यांना मासेमारीचं भारी रीळ द्यायचं ठरवलं, तेव्हा निवड माझ्याकडेच यायची होती.

मासेमारी मला बुचोंनीच शिकवली. स्पे म्हणतात त्या प्रकाराला. दोन्ही हातांनी धरायचा लांबलचक रॉड, आणि मागे झाडं असली तरी जड दोरी पाण्यावरच वळवून पलीकडच्या काठापाशी टाकायची. याचं जुन्या पद्धतीचं रीळ अगदी साधं असतं. आत एक दातेरी चाक, एक स्प्रिंग आणि दात्यांत अडकणारी खीळ, पुण्यातले सायकलवाले जिला कुत्रं म्हणतात ती. मासा दोरी घेऊन पळाला की रीळ कर्रकन ओरडतं. दुसरा ब्रेक नाही. आवाजावरून वेग ओळखायचा आणि रिळाच्या कडेला तळहात लावून माशाला आवरायचं.

फेब्रुवारीत फुकुईच्या नदीवर बुचोंच्या रिळाने बोंब मारली. मला लांबून ऐकू आली. बुचो मात्र समोरच्या काठाकडे बघत शांत उभे. मी हाक मारेपर्यंत साकुरामासु, ज्याची वर्षभर वाट बघायची तो मासा, दोरी तोडून गेलाही. गाडीपाशी येऊन बुचोंनी नदीत उतरायची छातीपर्यंतची रबरी पँट काढली, पुसली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. "तुम्हाला होईल," म्हणाले.

त्यांना कमी ऐकू येतं हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये ते 'हाय, हाय', म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवायचे आणि बाकीचे अदबीने तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. इथे असलं काही उघड बोलत नाहीत. मला ते पटत नाही, पटणारही नाही. ज्याची नदी सुटतेय त्याला देखणं रीळ देऊन काय करायचं, देव्हाऱ्यात ठेवायचं? मला बुचोंना परत पाण्यात उभं करायचं होतं.

दुकानदाराने ओळखीवर तीन उंची रिळं रविवारपुरती दिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ती मांडली. पहिलं म्हणजे दागिना, आणि पापडासारखं हलकं. आवाज बारीक आणि उंच. म्हातारपणी कानातून नेमके तेच सूर जातात. शिवाय लांब रॉड तोलायला मुळाशी रीळ जडच लागतं. बाद. दुसरं गोड वाजायचं, पण दोरी जराशी तिरकी ओढली की चाक चौकटीला घासायचं. या दर्जाच्या वस्तूला हे माफ नाही. तिसरं काळं, ठोकळा. मोठे दाते, जाड खीळ. जात्यासारखं घरघरलं. मुलगी आतून 'उरुसाई' म्हणून ओरडली. कटकट बंद करा, हे ती हल्ली जपानीतच सांगते. झालं, हेच, मी म्हटलं.

बायकोने सिंकचा नळ पूर्ण सोडला आणि एक्झॉस्ट फॅन लावला. "तुमची नदी गप्प असते का?" ती म्हणाली. तिसऱ्या रिळाची घरघर त्या आवाजात बुडून गेली. मी चरफडलो. बंद खोलीतल्या चाचणीवर विसंबू नका, हे ऑफिसात नवीन मुलांना मीच ऐकवत असतो.

पण रीळ लावलेल्या रॉडचा दांडा माझ्या हातात होता, आणि आवाज बुडाला तरी मनगट थरथरत होतं. मी मुलीचे हेडफोन मागून आणले. बायकोने दोरीचं टोक धरून दारापर्यंत जायचं, मी पाठ करून उभं राहायचं. "मासा व्हायला लग्न केलं नव्हतं मी," ती म्हणाली, पण गेली. हळू चालली तेव्हा कळलं, पळाली तेव्हा कळलं, थांबली तेव्हाही कळलं. पहिल्या दोन रिळांनी एवढं काही सांगितलं नाही. जी थरथर ड्रायव्हरच्या हातापर्यंत पोचू नये म्हणून मी आयुष्य घालवलं, तीच मला आता हवी होती, मिळेल तेवढी.

ऑफिसला पहिलंच हवं होतं, कारण खोका सुंदर होता. मी सरळ नाही म्हटलं. तिसरं घेतलं आणि तेही गुंडाळून दिलं नाही. इथे भेट देणाऱ्यासमोर उघडत नाहीत, ती थेट कपाटात गेली असती. निरोपसमारंभाआधीच्या शनिवारी 'नुसती नदी बघून येऊ' म्हणून मी बुचोंना घेऊन गेलो. काठावर रॉड त्यांच्या हातात दिला.

"बुचो, तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "त्याने काही अडत नाही. कान सोडा. डोळे मिटा आणि मनगटाकडे लक्ष द्या."

इतकं तोंडावर त्यांना आजवर कुणी बोललं नसेल. त्यांचा चेहरा उतरला. पण मी मागे हटलो नाही. त्यांनी डोळे मिटले. मी दोरीचं टोक घेऊन त्यांच्या पाठीमागे गेलो आणि हळूच ओढली.

"इमा," ते म्हणाले. आत्ता.

मी वेग वाढवला. त्यांचा तळहात आपोआप रिळाच्या कडेला गेला आणि दोरी माझ्या हातात जड झाली. मी पळालो, त्यांनी सोडली. मी दमलो, त्यांनी आवरली. निवृत्त व्हायला निघालेला माणूस मला माशासारखा खेळवत होता, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांपुढचं धूसर झालं.

मी दोरी सोडून दिली. बुचोंनी ती गुंडाळली, डोळे उघडले आणि नदीकडे चालायला लागले. बर्फ वितळून आलेल्या त्या पाण्यात ते तसेच शिरले, ऑफिसच्या बुटांसकट. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी दोरी थेट पलीकडच्या काठापाशी टाकली.

मग मागे न बघता म्हणाले, "माझी रबरी पँट तेवढी परत आणून द्या."