कांद्यावरची ताडपत्री

मी प्रभूकडे एकदा असं काही मागितलं होतं, की ते कागदावर लिहिताना अजून माझी मान वर होत नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस सहसा सांगतं, मी मागितलं आणि देवाने दिलं. माझी साक्ष उलटी आहे. मी मागितलं ते त्याने दिलं नाही, आणि ते दिलं नाही म्हणूनच मी आज ताठ उभी राहू शकते.

एस्तेर माझी एकुलती एक मुलगी. तिचे पप्पा गेले तेव्हा ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लग्नानंतर ती आणि जावई झांबियातल्या एका खेड्यात मिशनरी म्हणून गेले. तो तिथल्या मुलांना शिकवतो, ती छोटा दवाखाना चालवते. त्यांना पाठवणारी मंडळी आमचीच. निगडीच्या अलीकडच्या एका गल्लीतलं पत्र्याच्या शेडचं आवार, लहानसं बाप्टिस्ट देऊळ आणि साठेक घरं. बहुतेक सगळे चाकण-भोसरीच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे. एस्तेर आणि जावयाच्या खर्चासाठी आम्ही वर्षभर काही ना काही करत असतो. जाताना विमानतळावर मी सगळ्यांदेखत हसत हसत तिला हार घातला आणि हळूच कानात म्हणाले, "लवकर ये." तिकडे गेल्यावर दोन वर्षांत तिला तीनदा मलेरिया झाला. तिसऱ्या वेळी फोनवर तिचा आवाज ऐकून मला आधी ती कुणी दुसरीच बाई वाटली. तेव्हापासून माझा प्रत्येक फोन एकाच प्रश्नावर संपायचा, "कधी येशील?" ती म्हणायची, "बघू, आई." आणि ती फोन ठेवेपर्यंत मी माझा कानाला धरून बसायचे. आधी फोन ठेवणं मला कधी जमलंच नाही.

गेल्या वर्षी दोन कंपन्यांनी कंत्राटी माणसं कमी केली आणि आमच्यातल्या बऱ्याच घरांची ओढाताण सुरू झाली. मार्चमध्ये सभा झाली. एप्रिलअखेरपर्यंत पुढच्या वर्षाचा निधी उभा राहिला नाही, तर एस्तेर आणि जावयाला परत बोलवायचं, असं ठरलं. सगळ्यांचे चेहरे उतरले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं मला रडू येतंय. खरं तर माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी ती घातली होती. घरी येऊन गुडघे टेकले आणि म्हणाले, प्रभू, हा निधी उभा राहू देऊ नकोस.

पण पाळकांना, म्हणजे आमच्या पास्टरांना, एक युक्ती सुचली. उन्हाळ्यात पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधली माणसं वर्षाचा कांदा भरतात. चाकणच्या बाजारातून चांगला कांदा घाऊक घ्यायचा, निवडून पिशव्या करायच्या आणि तिकडे स्टॉल लावून विकायचा. जमलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या कांद्यात घालायचं ठरलं. विक्री मात्र पगार झाल्यानंतरच्या रविवारी, कारण सात तारखेच्या आधी वर्षाचा कांदा कोण घेतं? म्हणजे तो पंधरा दिवस आपल्या आवारात सांभाळायला हवा. आणि ही जबाबदारी पाळकबाईंनी माझ्या गळ्यात घातली. त्याला कारण होतं. एकवीस वर्षं मी गाडीचे पार्ट तपासायच्या टेबलावर काढली. लाइटखाली पार्ट धरायचा, फिरवायचा, ओके किंवा रिजेक्ट. केसाएवढी चीर माझ्या नजरेतून सुटायची नाही. तीच नजर घेऊन मी देवळातही बसत असे. कुणाचं मूल उपासनेत उड्या मारतं, कुणाची भाकरी करपते, सगळं दिसायचं. महिला मंडळ माझ्यामागे मला नाकाने कांदे सोलणारी म्हणतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. या वेळी ती चेष्टा खरीच झाली.

चाकणला मी व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घातली. ढिगातला मोठा, गोल, चकचकीत कांदा वेचून घेतला. जुळे, बारके, फिक्या रंगाचे बाजूला काढले. व्यापारी म्हणाला, "ताई, मान बघा, रंगावर जाऊ नका." कांद्याची मान म्हणजे पात वाळून राहिलेला देठ. पण एकवीस वर्षं नजरेवर भाकरी खाल्लेल्या बाईला असं कुणी सांगायचं? त्याने वजन भरायला चार गोण्या बारका कांदा तळाला टाकलाच, त्याबद्दलही मी गाडीत बसेपर्यंत बोलत होते.

सोमवारी अवकाळी सरी आल्या. शेडचा एक पत्रा गळतो, म्हणून मी गोण्यांवर ताडपत्री घातली, दोरी चारही बाजूंनी ओढून गाठ मारली. इथवर मी काही चुकले नव्हते. मंगळवारी ऊन कडक पडलं. मी कुलूप काढून आत गेले, ताडपत्रीवर हात ठेवला. आतून ऊब लागत होती. गाठीवर बोटं नेली. ती सोडायला मला एक मिनिटही लागलं नसतं. आणि तेव्हाच मनात आलं, हा कांदा गेला तर एस्तेर येईल. मी काही वाईट करत नव्हते. मी फक्त काही करत नव्हते. हात मागे घेतला, कुलूप लावलं आणि घरी गेले. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. किल्ली माझ्याचकडे, पाळक बाहेरगावी. दोन्ही दिवशी मी प्रार्थना केली नाही. कुणाकडे तोंड करून करणार होते?

शुक्रवारी सकाळी मी देवळाच्या पायरीवर बसले होते. गल्लीत त्या दिवशी नेहमीच्याच हालचाली होत्या. फाटकातून एक म्हातारी बाई आत आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पायांत रबरी चपला. सरळ न येता ती डोकं किंचित वर करून, हवा हुंगत आल्यासारखी आली.

"कांदा कुनाचा हाय हितं?"

"देवळाचा," मी म्हणाले. "आपण कोण?"

"म्या चाकनची. कोंडाबाई. डोळं दाखवायला निगडीला चालले व्हते, कंडक्टरनं दोन स्टॉप आदीच उतरवलं. पाटी कुठं दिसती मला." जवळ आल्यावर पाहिलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा पसरला होता. "गल्लीच्या तोंडाला वास आला. सडतोय बाई तुमचा कांदा. कुठं हाय?"

माझ्या उत्तरासाठी न थांबता ती वासाच्या मागाने शेडच्या दारापर्यंत गेली. मी मागे जाऊन कुलूप काढलं. तिने ताडपत्रीवर हात फिरवला आणि तो गाठीपाशी येऊन थांबला. बोटांनी तिने ती गाठ खालून-वरून चाचपली, अगदी मी पार्ट चाचपायचे तशी.

"ही कुनी मारली?"

"मीच. सोमवारी पाऊस आला होता."

"सोमवारी," ती म्हणाली. "आज शुक्रवार हाय."

माझ्यावर आयुष्यात कुणी लाइट धरला नव्हता, आणि ज्या बाईला बसची पाटी दिसत नव्हती तिने तो धरला. ती आता रागावेल, चार माणसं गोळा करेल, असं वाटून मी खांबाला धरून उभी राहिले. तिने फक्त पदर खोचला आणि गाठ सोडली.

"कांद्याला वारं लागतं, बाई. कोंडला की त्यो सोताच्याच घामानं जातो. चल, धर दुसऱ्या बाजूनं."

मग आम्ही दोघी निवडायला बसलो. आयुष्यभर चाकणच्या बाजारात कांदा निवडलेली ती बाई डोळ्यांकडे काही मागतच नव्हती. कांदा हातात घ्यायची, अंगठ्याने मान दाबायची आणि टाकायची, डावीकडे राहणारा, उजवीकडे गेलेला. मी वेचलेले ते मोठे, चकचकीत, जाड मानेचे कांदे एकामागून एक उजवीकडे जात होते. आणि तळाच्या चार गोण्या, ज्या मी रिजेक्ट म्हणून भांडले होते, तो बारका, मान वाळलेला कांदा खडखडीत होता. एकही गेला नव्हता. तो ढीग वाढत गेला तशी माझी मान खाली जात गेली, आणि तरीही मनाला कुठेतरी फार हलकं वाटत होतं.

दुपारी तिने विचारलं, "येवढा कांदा कशाला?"

"परदेशात आमची माणसं सेवा करतात, त्यांच्यासाठी."

"तुजं कोन हाय तितं?"

माझं कुणी आहे असं मी म्हटलं नव्हतं. "लेक," मी म्हणाले.

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन कांदे टाकून झाल्यावर ती म्हणाली, "मंग गाठ सोडायची ऱ्हाती. आईचा हात हाय त्यो." एवढंच. त्यात ठपका नव्हता, शाबासकीही नव्हती. मी पदरात तोंड घालून रडले. ती निवडत राहिली आणि मी शांत झाल्यावर तिने माझ्यापुढे नवी गोणी ओतली.

मी फोन केल्यावर मंडळातल्या बायका धावत आल्या. ज्या कांद्याची नुसती मान गेली होती त्याची मान उडवून, धुऊन, कापून गच्चीवर वाळवायला कोंडाबाईनेच शिकवलं. ऊन असं कडक, की दोन-तीन दिवसांत तो कुरकुरीत झाला. गल्लीच्या तोंडाशी बिर्याणी विकणाऱ्या चाचांनी एक मूठ तळून पाहिली आणि सगळा वाळवणाचा कांदा स्वतःच मागून घेतला, वर पुढच्या महिन्याचीही मागणी दिली. ठरलेल्या रविवारी बारका कांदा टिकाऊ म्हणून पिंपळे सौदागरात दुपारच्या आत संपला. दर कुणी विचारला असेल, तर मला आठवत नाही. जे जमायला हवं होतं ते जमलं, आणि थोडं वरही.

पुढच्या उपासनेत पाळकांनी कांदा वाचवल्याबद्दल माझे आभार मानायला सुरुवात केली. मी उठले आणि गाठीचं सगळं सांगितलं. मंगळवारपासूनचं, गुडघे टेकून मागितलं त्याच्यासकट. पाळकबाई उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात त्यांनी मांडीवर घेतला. म्हणाल्या, "तू झुरतेस हे आम्हाला दिसत नव्हतं का? म्हणून तर कांदा तुला दिला. मला वाटायचं, एस्तेरला या वर्षी तुझ्याच हाताने पाठवावं." लोकांचे दोष शोधत मी ज्या देवळात बसायचे, तिथल्या सगळ्यांना माझा दोष दिसत होता, आणि कुणीच मला बाजूला काढलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी चाकणच्या बाजारात कोंडाबाईला शोधून काढलं आणि निगडीच्या दवाखान्यात नेलं. त्या शुक्रवारची तिची वेळ आमच्या कांद्यापायी गेली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर आहे. पट्टी निघाल्यावर तिने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "म्या समजले तू लई म्हातारी असशील."

एस्तेरला मी फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती दुखावेल. पण ती म्हणाली, "आई, तू मनापासून पाठवलं नाहीस हे मला विमानतळावरच कळलं होतं. तेव्हापासून मी रोज एकच मागतेय. आईने मला एकदा तरी खुशीने पाठवावं."

मी खुर्चीत बसले. म्हणजे एकाच देवापुढे आम्ही दोघी मायलेकी दोन वर्षं उलटसुलट मागत होतो, आणि त्याने तिचं ऐकलं होतं. तिचं ऐकण्यासाठी त्याने धड दिसत नसलेल्या एका बाईला दोन स्टॉप आधी उतरवलं. असं मी मानते, कुणाला पटवायला जात नाही. आपली मूठ घट्ट असली की तिच्यातलं आपल्यालाच टिकेल असं वाटतं. त्याने ती उघडली, आणि उघडताना माझी बोटं मोडली नाहीत. यासाठी मी त्याचे आभार कसे मानावे, हे मला अजून कळत नाही.

त्या फोनवर शेवटी एस्तेर थांबून राहिली. मग तिनेच हसून विचारलं, "आई, आज काही विचारायचं राहिलं का?"

आपल्यात निघणाऱ्या माणसाला जा म्हणत नाहीत. ये म्हणतात. मीही तिला जन्मभर येच म्हणत आले.

"नाही गं," मी म्हणाले. "दवाखान्यात माणसं खोळंबली असतील. जा, बाळा."

आणि त्या दिवशी फोन मी आधी ठेवला.