पाणी किती लांब होतं

दसरा झाला की आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलूप लागायचं. चुडावा स्टेशनाहून गाव जवळच, पण त्या दिवसांत रस्त्यानं माणूस दिसायचा नाही. माय-बाबा टोळीबरोबर ऊस तोडायला पश्चिमेकडं जायचे ते थेट उन्हाळा लागल्यावर परत यायचे. शाळेत जायची होईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर असायचे. राहायची पाचटाची कोप, खालची ओल, मायच्या हातावरचे पानांचे चरे, एवढंच आठवतं. पुढं गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह निघालं. ऊसतोड्यांच्या पोरांना हंगामापुरतं तिथंच जेवण आणि झोपायला जागा. निघताना माय माझ्या डोक्यावर एवढं तेल थापायची, जणू सहा महिन्यांचं एकदमच. हळहळ नको. कुठून निघाले ते कळावं म्हणून सांगितलं.

बारावीनंतर पूर्णेच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. सकाळी चुडाव्याहून पॅसेंजरनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. पहिल्या वर्षी मी पुढच्या बाकावर बसायचे. भूगोलाच्या सरांनी एकदा विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलंय?" कुणी पोलीस भरती म्हणालं, कुणी नुसतंच लाजलं. मी उभी राहून म्हणाले, "एम.ए. करायचंय, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

घरी सांगितलं तर बाबांनी टोळीभर करून टाकलं. टोळी नेणाऱ्या मुकादमालासुद्धा सांगायचे, "आमची पोरगी एम्मे करणार हाय." तो म्हणायचा, "करू द्या की. आपल्या वजनाच्या पावत्या वाचायला व्हईल."

दुसऱ्या वर्षी माझा जोर उतरला. कधी, ते नेमकं सांगता येत नाही. पटावर साठ नावं, वर्गात सहा जण. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून वाळवंटातल्या वाऱ्याचं कार्य सांगायचे, आम्ही उतरून घ्यायचो. वाळवंट मी पाहिलं नव्हतं, सरांनीही पाहिलं नसावं. पास व्हायला बाजारातलं गाईड पुरत होतं. मग मी आणि माझी एक मैत्रीण तास सोडून स्टेशनावरच्या लिंबाखाली बसायला लागलो. शेंगा खायच्या, गाड्या बघायच्या, दुपारच्या पॅसेंजरनं घरी जायचं.

"वर्गात बसायचं जिवावर येतंय, आन् म्हणं एम्मे!" मैत्रीण चिडवायची. मी टरफलं तिच्या अंगावर फेकायचे.

उसाच्या फडावरून बाबांचा फोन यायचा, दुपारी भाकरी खायला बसले की.

"शिकवायलेत का?"

"हौ, शिकवायलेत."

"काय शिकवायलेत?"

"वारा."

"वारा शिकवायला मास्तर लागतोय?" मागून माय विचारायची आणि टोळीतल्या बाया हसायच्या. त्यांचं हसणं मला बरं वाटायचं, कारण मग बाबा पुढचं विचारायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात मात्र त्यांनी समोर बसवून विचारलं.

"हे बघ. यंदाचा हंगाम तर करायचाच हाय. तू बी.ए.वर थांबली तर हा शेवटचा. मायचे गुडघे गेलेत, दिसायलंय तुला. पुढं शिकणार असशील तर अजून दोन हंगाम जाऊ आमी. जाऊ म्हणलं की जाऊ. पण मनापासून हाय का, एवढं सांग."

मी "बघते" म्हणाले. मी लिंबाखाली शेंगा खाव्यात म्हणून मायनं अजून दोन वर्षं डोक्यावर मोळ्या वाहायच्या? दुसऱ्या दिवसापासून मी तासाला बसू लागले, पण लाजेपोटी. वहीत अक्षरं उतरायची, डोक्यात काही उतरायचं नाही.

त्याच वर्षी प्रात्यक्षिकाला आपल्या गावावर एक नकाशा काढायचा होता. बाकीच्यांनी पिकं, शाळा, रस्ते घेतले. मला काही सुचेना, म्हणून आमच्या गावची माणसं ऊस तोडायला कुठं कुठं जातात ते घेतलं. सगळे गावातच होते, घरोघर फिरून विचारलं. बाबांना तर कारखाने, पूल, ट्रॅक्टरचे रस्ते सगळं पाठ. टोळी उतरायची तिथं मी काळे ठिपके दिले, पाण्याला निळ्या खुणा. नदी-कालवे मोबाइलवर बघून घेतले. आठवडाभर खपून काढलेला तो कागद एका दुपारी मायपुढं पसरला.

मायला अक्षर येत नाही. ती तूर पाखडत होती. सूप बाजूला ठेवून वाकली.

"हे निळं काय हाय?"

"पाणी."

"आन् हा ठिपका?"

"तुमची कोप. बाबा म्हणले, मोठ्या पुलाजवळचा फड."

"मंग चुकलं तुझं. तिथं पाणी एवढं जवळ न्हवतं."

"अगं माय, कालवा हाय तिथं. मोबाइलवर दिसायलाय."

"कालवा असंल. त्यात पाणी नसायचं. शेतमालक मोटरीवर भरू द्यायचा न्हाई. दोन शेतं वलांडून हापशाला जायचं. हंडा डोक्यावर, तू कडेवर. तुझा मोबाइल आला व्हता का तिथं?"

मग ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. बाबांना जागा रस्त्यावरून आठवायच्या, मायला पाण्यावरून. "हितं जाऊन येऊस्तोवर भात शिजायचा. हितं तू वाटंत दोनदा रडायचीस." शेजारची काकू आली, तिनं माझ्या आणखी तीन खुणा खोट्या ठरवल्या. एका जागेवरून तर दोघी भांडल्या. "काय सांगायलीस बाई, ते गाव न्हवंच ते!" मी खोडरबरानं निळं खोडत राहिले, कागद फाटेपर्यंत.

नवा कागद घेऊन पुन्हा काढला. खरं पाणी कुठं आणि हंडा कुठून कुठं जायचा, ते दाखवणारा. सरांपुढं ठेवला.

"प्रमाण चुकलंय," सर पहिलंच म्हणाले. मग हंड्याची एक वाट बोटानं शेवटपर्यंत गिरवली. "हे कुठल्या पुस्तकातून घेतलंस?"

"माय म्हणाली, सर."

"एम.ए.ला यावरच काम कर. पण तुझा पाया कच्चा आहे. अंतर नीट मोजता येत नाही, नकाशाचं प्रमाण येत नाही. ते आधी शीक."

मला त्यांचा राग आला नाही. कच्चं काय आहे ते कळलं, म्हणजे वर्गात कशासाठी बसायचं तेही कळलं. सरांना मी मध्येच थांबवून प्रश्न विचारायला लागले. पहिल्यांदा ते गडबडले, मग पिवळी वही मिटून फळ्यावर आकृत्या काढायला लागले. मैत्रीण आठ दिवस एकटीनं शेंगा खाऊन कंटाळली आणि तीही वर्गात येऊन बसली. "तुझ्यामुळं पास व्हायची येळ आली माझ्यावर," म्हणाली.

दसऱ्याच्या आधी मी बाबांना सांगितलं, "मनापासून हाय."

"मंग जातो आमी," ते एवढंच म्हणाले.

हंगाम संपला की टोळीत पट्टा पडला म्हणतात. माय चुलीपुढून म्हणाली, "एम्मेचा पट्टा दोन वर्सांनी पडतो ना? तिसरं मागू नको बरं."

एम.ए.ला नांदेडला गेले. तिथंही कंटाळवाणे तास होते, पण मला माझं काम ठाऊक होतं. दोन्ही वर्षं सुट्टीत मी टेप घेऊन फडावर जायचे. मायबरोबर हापशापर्यंत चालायचं, अंतर लिहून घ्यायचं. बाया म्हणायच्या, "मोजायलीस तर मोज बाई, पण येताना एक हंडा तूबी घे." मी घ्यायचे. हंडा डोक्यावर असला की तेच अंतर लांब होतं, हेही मी प्रबंधात लिहिलं.

मी एम.ए. पहिल्या वर्गात पास झाले. ठरलेल्या दोन हंगामांवर माय-बाबांनी तिसरा केला नाही. आता मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, आणि दसऱ्यानंतर आमच्या घराला कुलूप नसतं.