पाहुण्यांचं पाणी

भिसेगावच्या पुढे एका फार्महाऊसवर मी भाजी पोचवतो. तिथली राखण करणाऱ्या मावशींचं प्रत्येक वाक्य ‘आपलं काय’ने सुरू होतं. त्यांचे गुडघे धरलेत. छातीभर पाण्यात रोज चाला, नाहीतर घराचा जिनाही चढता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. स्विमिंग पूल त्याच साफ करतात, पण आत उतरत नाहीत.

“आपलं काय, ते पाहुण्यांचं पाणी.”

मी पेटलो. पाण्यावर सगळ्यांचा हक्क असतो, आजच मालकाला जाब विचारतो, म्हणालो.

“त्यानं कवाच हो म्हटलंय रं. मीच नाय म्हणते.”

आता भांडायचं कुणाशी?

परवा मात्र त्या साडी खोचून, पायऱ्यांलगतची दांडी धरून पाण्यात उतरल्या. मन कशानं बदललं, हे त्यांनाही सांगता येईना. पाणी छातीला लागलं तसे त्यांनी डोळे मिटले आणि दांडी सोडली. पार पलीकडे जाऊन वळल्या.

“पाय टेकतात रं! ये, तू पण ये. काठावरनं किती बोलशील?”

मी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मला तर कुणीच अडवलेलं नव्हतं.