डालग्याखालची सखू

काल शिरगणतीवाल्यानं माझ्या दाराच्या चौकटीवर गेरूनं घराचा आकडा काढला. ओल्या गेरूचा मातकट वास नाकात गेला आणि मी उंबऱ्यावरच बसलो.

लई वर्षांमागं अशीच शिरगणती आली तेव्हा बायको तरणी होती. भडगावजवळ गिरणेच्या काठचं हेच गाव, हेच दार. आधीची दोन लेकरं गेलेली, तिसरी सखू अंगावर पिणारी. मोजलेलं लेकरू टिकत नाही, असं बाया सांगायच्या. मास्तर माणसं मोजत दारात आले, तशी हिनं सखूला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं.

“घरात माणसं किती?”

“दोनच शेतस, मास्तर.”

तेवढ्यात सखू रडली. मास्तर म्हणाले, “अक्का, तुमची कोंबडी रडते की काय?”

“बकरीनं पिल्लू शे. आजारी शे.” ही ढिम्म हलली नाही.

मास्तर हसले, दोन लिहिलं आणि गेले. हिनं डालगं उचलून सखूला छातीशी धरलं. माझ्याकडं असं बघितलं, जशी यमाच्या हातावर तुरी देऊन आली.

चौकटीवरचा गेरू पावसानं धुतला जायच्या आत सखू गोवरात गेली. सरकारचे दोन खरे ठरले.

सखू होती, हे कुठल्या कागदावर नाही. हिला ठाऊक होतं आणि मला. गेल्या दिवाळीआधी हीपण गेली.

काल शिरगणतीवाल्यानं विचारलं, “आबा, घरात किती?”

मी म्हणालो, “एकच लिख, भाऊ. डालगं उचलीसन देखी ले.”