अकरा ड्रम, एकही अळी नाही

मंडळी, आज आंबिवलीच्या एका चाळीत मी अकरा ड्रममध्ये बॅटरी मारून बघितलं. डासाची एकही अळी सापडली नाही. जाम खूश आहे मी.

सार्वजनिक आरोग्याच्या डिग्रीचं माझं दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी महिन्यापूर्वी इथे आलेले, तेव्हा निम्म्या ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या. मी पुस्तकातलं सांगून टाकलं, "दर रविवारी ड्रम रिकामे करून घासा."

चाळीतल्या सुरेखाकाकू म्हणाल्या, "अगं, भरलेलं पाणी ओतून देऊ? परत भरायला तू येतेस का?"

मग मी विचारलं, "काकू, तुमचा ड्रम आपोआप कधी रिकामा होतो?"

"शनिवारी सकाळी. शुक्रवारी नळाला पाणी नसतं ना."

मग ठरलं, शनिवारी नळ यायच्या आधी घासायचं, म्हणजे आतून चिकटलेली डासांची अंडी निघतात, आणि भरल्यावर वर जुनी साडी बांधायची.

आज गुरुवार, घासून पाच दिवस झालेले, म्हणजे अळ्या असत्या तर एव्हाना दिसल्या असत्या. काकूंनीच मला दारोदार फिरवलं. शेवटच्या ड्रमवर थाप मारून म्हणाल्या, "लिही वहीत, आमच्याकडे काही सापडलं नाही म्हणून."

लिहिलं. खाली काकूंचं नावही लिहिलं.

तुमच्या घरातलं पाणी कुठल्या वारी संपतं? विचारून बघा. बहुतेक फक्त आईलाच माहीत असेल.