उजव्या पायाची मोहरी

अपघातानंतर माझा उजवा पाय डाव्यापेक्षा सव्वा इंच आखूड झाला. भडगावहून जळगावला येताना रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या खडीवरून स्कूटी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, हाड जुळलं. पण जुळताना थोडं कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, गाडीही चालवता येईल, बुटात जाड टाच घालावी लागेल आणि तरी थोडा फरक राहीलच. त्यातलं चालता येईल एवढंच मी मनात ठेवलं.

मी जळगावच्या एका कंपनीत नोकरी करते. कंपनी केळीची रोपं तयार करून शेतकऱ्यांना देते आणि लागवडीनंतर त्या बागा फिरून पाहणं हे माझं काम. यावल, रावेरकडच्या बागांमध्ये आठवड्याचे बहुतेक दिवस जायचे. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग कायमचा राहतो, ओढणी पानांत अडकते आणि सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरते. त्यामुळे नोकरी लागल्यापासून मी जीन्सच घालत आले. निळ्यावर डाग पडला तरी कुणी बघत नाही.

रजेचे महिने मी धुळ्याला आई-आबांकडे काढले. आई माहेरची पिंपळनेरकडची. एरवी शेजारणींशी ती पुस्तकी मराठी बोलते, पण जीव वर-खाली झाला की सरळ अहिराणीवर येते. मी वॉकर धरून चालायला शिकत होते तेव्हा तिनं स्वतः बसून माझ्यासाठी सलवारी शिवल्या, चांगल्या घेरदार, उजवा पाय मापानं कमी केलेला. सैल कपड्यात काही कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मी घरात त्या घातल्या. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, वाद घालावासा वाटला नाही.

एके दिवशी दुपारी ओट्यावरून घासाघीस ऐकू आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली होती. मी काठी टेकत दारापर्यंत गेले तर तिच्यासमोर माझ्या जीन्सचा ढीग होता. ती एकेक पँट उन्हात धरून गुडघे, शिवण तपासत होती आणि आई झाकणाच्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवत होती.

मी विचारलं, हे काय चाललंय. आईनं माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं.

"कसाले पाहिजे आते जीन पँट? लोके पायच दखतीन."

मी म्हटलं, "सलवार घातली तरी मी लंगडतच चालणार आहे. लोकांना बघायचं ते बघतील. माझे कपडे द्यायचे नाहीत."

मग मी त्या ढिगाशेजारीच बसले. खाली बसणं तेव्हा सोपं नव्हतं. भिंतीला पाठ लावून, उजवा पाय पुढे पसरून हळूहळू टेकावं लागायचं. बोहारणीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, डबा गाठोड्यात घातला आणि ती उठली. आई त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी जीन्स पुन्हा घडी घालून माझ्या बॅगेत ठेवल्या.

जळगावला कामावर परत आले तेव्हा काठी सुटली होती. उजव्या पायाची मोहरी, म्हणजे पँटची खालची कड, टाचेखाली यायची, म्हणून मी ती बाहेरून दुमडून घ्यायचे. दुमड दुपारपर्यंत टिकायची नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या बागेत साहेबांबरोबर फेरी होती. चालता चालता दुमड सुटली, कापड बुटाखाली आलं आणि मी ठिबकच्या नळ्यांवर आडवी झाले. लागलं काही नाही. पण साहेब धावत आले, मजुरांनी पाणी आणलं, आणि गाडीत बसल्यावर साहेब अगदी चांगुलपणानं म्हणाले की मी आता ऑफिसमध्येच बसावं, फोनवरून शेतकऱ्यांना सल्ला द्यावा. माझ्या गावांची वाटणी दुसऱ्या दोघांत झालीसुद्धा.

पाय घसरला नव्हता, पँट पायाखाली आली होती, हे मी गाडीत दोनदा सांगितलं. त्यांना ती सबब वाटली असावी.

त्याच संध्याकाळी मी घराजवळच्या शिंप्याकडे गेले. उजवा पाय सव्वा इंच कमी करून द्या म्हटलं. त्यांनी कापून, दुमडून, पिवळ्या दोऱ्याची टीप मारून दिला. काम सरळ होतं, माप बरोबर होतं. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं की झालं ते बरं झालं नाही. जीन्सची मूळची मोहरी धुऊन धुऊन पीळ पडल्यासारखी होते, कुठे पांढुरकी, कुठे गडद. डाव्या पायाला ती होती. उजव्या पायाला कोरी, सपाट, गडद निळी पट्टी आणि चमकणारा पिवळा दोरा. दोन वेगळ्या पँटींचे पाय एकत्र शिवल्यासारखे दिसत होते.

तरीही ती मी ऑफिसला घातली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मायेनं विचारलं, इस्त्रीनं जळली का गं एक बाजू? दुपारी एक शेतकरी आपल्या बायकोसह रोपांची चौकशी करायला आले. त्या बाईंची नजर आधी माझ्या मोहरीवर गेली, तिथून दुसऱ्या मोहरीवर, मग बुटावर आणि मग माझ्या तोंडावर. त्यांनी विचारलं काहीच नाही. मला विचारलेलं परवडलं असतं. माझं लंगडणं मी लपवत नव्हते, पण ते असं शिवून, टीप मारून लोकांपुढे मांडायचं मी ठरवलं नव्हतं.

शिंपीभाऊंकडे परत गेले. जुनी मोहरी ठेवून पाय कमी होईल का विचारलं. त्यांनी ते काम कधी केलं नव्हतं आणि सीझनची गर्दी होती. त्यावर त्यांनी उपाय सुचवला, की डावा पायही थोडा कापून त्यालाही अशीच नवी टीप मारू, म्हणजे दोन्ही सारखे दिसतील. उपाय वाईट नव्हता. पण मी नाही म्हणाले.

"एक पाय कमी झाला म्हणून दुसऱ्याचंही कापायचं नाही, भाऊ."

ते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी पँट पिशवीत घातली. उरलेल्या पँटींना कात्री लावू द्यायची नाही आणि हे आपणच शिकायचं, हे तिथल्या तिथे ठरलं.

मोबाईलवर शोधल्यावर एक व्हिडिओ सापडला. त्यात कुणी बोलत नव्हतं, फक्त एका बाईचे हात दिसत होते. मोहरी कापायचीच नाही. ती बाहेरून वर दुमडायची, जुन्या मोहरीच्या कडेला अगदी चिकटून गोल टीप मारायची आणि मग मोहरी खाली ओढून जादाचं कापड आत घ्यायचं. शिवण जुन्या मोहरीच्या सावलीत लपून जाते. मी तो इतक्या वेळा पाहिला की त्या बाईच्या अंगठ्यावरचा तीळही ओळखीचा झाला. बाजारातून जीन्सला चालणारी जाड सुई आणि जाड दोरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी धुळ्याची बस पकडली.

मशीन आईचं होतं, पायानं चालवायचं. मी सुई पुढे केली तर तिनं मशीनवरचं कापडी झाकण काढलंच नाही. जाड कापड, जुनं मशीन, "सुई तुटी जाई" म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. पायडल मारायला दोन्ही पाय लागतात आणि माझ्या उजव्या घोट्यात अजून पुरता जोर नव्हता, हे तिनंच महिनोन्‌महिने मालिश करताना पाहिलं होतं. ती म्हणाली, आण इकडे, मीच करते. मी म्हटलं, आज तू करशील, पुढच्या पँटीला मी काय करू? आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आईनं झाकण काढलं.

पहिली पँट मी सर्वांत जुनी निवडली, चिकाचे डाग पडलेली. उजवा पाय पायडलवर बसेना. टाच अधांतरी राहायची आणि लय चुकली की चाक उलटं फिरून दोरा तुटायचा. बुटातली जाड टाच काढून रबरी चपलेत बांधली, तेव्हा कुठे पाय टेकला. मांडी भरून आली. टीप पूर्ण केली, मोहरी खाली ओढली, अंगावर घालून पाहिली तर पँटचा उजवा पाय घोट्याच्या वर. मी सव्वा इंच कमी करायचं म्हणून सव्वा इंचाची घडी घातली होती. घडीत कापड वर जातं आणि परत खाली येतं, म्हणजे दुप्पट जातं. घडी निम्म्याच मापाची हवी होती.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं. ती म्हणाली, "उसवी टाक. कापड कोठे गये? तठेच शे." कापड कुठे गेलंय, तिथंच तर आहे. आणि चहा टाकायला आत गेली.

खरंच, काही कापलेलं नव्हतं. उसवताना मात्र नखं दुखली. पुन्हा खडूनं खुणा केल्या, निम्म्या मापाची घडी घातली, टाचण्या लावल्या. बाजूच्या शिवणीपाशी कापडाचे इतके थर झाले होते की सुई पुढे जाईना. मी खलबत्त्यातला बत्ता आणून ती जागा ठोकून चपटी केली. तरीही पायडलनं जोर लागेना. मग पाय काढले आणि चाक हातानं फिरवायला लागले, एकेक टाका. कापड जड होऊन मागे ओढलं जात होतं. आई शेजारी येऊन बसली, पँटचा सगळा भार तिनं दोन्ही हातांवर घेतला.

"चाल, मी धरस."

सुई जाड शिवणीतून आवाज करत एकदाची पलीकडे निघाली, मग पुढचा घेर सोपा होता. इस्त्री तिनं केली, ओलं फडकं टाकून, चांगली दाबून. मी पँट घालून खोलीच्या मध्यभागी उभी राहिले. आई जमिनीवर बसून दोन्ही मोहऱ्या बघत होती. बोटानं चाचपून तिनं शिवण शोधली, सापडली तेव्हा नख फिरवून पाहिलं.

"दोन्ही सारखाच शेतस," ती म्हणाली. आणि मग, माझ्या पायाला हात लावून, "दुखस का?"

दुखत होतं. दुखतंय म्हटलं. पुढच्या दोन सुट्ट्यांत बाकीच्या जीन्स मी केल्या. प्रत्येक वेळी घोटा थोडा कमी थरथरला. शिंप्यानं कापलेली पँट मी घरी घालायला ठेवली.

मग मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि माझी गावं परत मागितली. ते म्हणाले, पुन्हा पडलात तर जबाबदारी माझी. मी म्हटलं, "त्या दिवशी मी पँटमुळे पडले होते. पँट नीट केली आहे. एक दिवस माझ्याबरोबर बाग फिरा आणि मग ठरवा."

त्यांनी आठवडाभर टाळलं. मी रोज सकाळी विचारलं. शेवटी आम्ही सावद्याकडच्या एका मोठ्या बागेत गेलो. नुकतं पाणी दिलेलं, सऱ्यांत निसरडं, वरून ऊन. मी हळू चालले, पण थांबले नाही; बांध आला की आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा, असं मी शिकले होते. साहेब बागेच्या टोकाला जाऊन विहिरीच्या कठड्यावर टेकले आणि मी उरलेल्या ओळी पाहून आले. परतताना त्यांनी निम्मी गावं दिली, कंपनीच्या गाडीनं जाण्याच्या अटीवर. उरलेल्यांसाठी मी दर महिन्याच्या बैठकीत विचारते. अजून मिळालेली नाहीत.

पहिल्या फेरीला एका बागेत घरच्या बाई मला थेट शेवटच्या ओळीत घेऊन गेल्या. तिथली रोपं कडेनं पिवळी पडत होती. माझ्या पायाबद्दल त्यांनी विचारलं, मी अपघाताचं सांगितलं, त्यांनी चुकचुकून मान हलवली आणि पुन्हा पानं दाखवायला लागल्या. उजवा गुडघा पुरता दुमडत नाही, म्हणून मी पाय बाजूला सोडून चिखलात बसले आणि बोटांनी बुंध्याशी माती उकरली. मुळांची टोकं काळी पडायला लागली होती. पाणी जास्त होतंय, म्हटलं, ठिबक निम्मा वेळच चालवा. त्यांनी हात पुढे केला, तो धरून मी उठले आणि आम्ही पुढच्या ओळीत गेलो.